सौदा रुमालाखाली नको: नागपुरातील मोटार विक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहर व जिल्ह्यातील सर्व मोटार विक्रेते, शोरूमचे मालक आणि विक्री व्यवस्थापक यांस

विषय: गाडीच्या किमतीचा संपूर्ण तपशील, भावाची बोलणी सुरू होण्यापूर्वी, एका कागदावर मराठीत लेखी देण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरातल्या एका बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली आणि त्यांतली शेवटची चौदा वर्षे वाहन कर्जाच्या टेबलावर काढली. वर्धा रोडपासून कामठी रोडपर्यंत या शहरात जितकी शोरूम आहेत, त्यांतल्या बहुतेकांची कोटेशने माझ्या हाताखालून गेली आहेत. निवृत्तीनंतर नात्यातली आणि शेजारपाजारची माणसे गाडी बुक करण्याआधी, आणि बरेचदा दुर्दैवाने बुक केल्यानंतर, हातात कागद घेऊन माझ्याकडे येतात. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी जे पाहिले त्यातून हे पत्र लिहितो आहे. ते एखाद्या विशिष्ट शोरूमविरुद्ध नाही, म्हणून मी कोणाचेही नाव घेतलेले नाही.

भावताव करण्याला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. नागपूरच्या माणसाला घासाघीस नवी नाही. इतवारीतल्या पेढीवर दुकानदार ठाण उलगडतो, गिऱ्हाईक कापडाचा पोत बोटांनी चाचपून पाहते, दोघे आपापला आकडा बोलतात, आणि जो आकडा ठरतो तेवढेच पैसे द्यावे लागतात. त्या सौद्यात दोघांचाही मान राहतो, कारण दोघांच्या समोर एकच वस्तू आणि एकच किंमत असते. मोटारीच्या सौद्यात तसे होत नाही. तिथे किंमत म्हणजे सात-आठ रकमांची बेरीज असते. त्यांतली काही रक्कम सरकारची, काही विमा कंपनीची, काही गाडी बनवणाऱ्या कंपनीची आणि काही तुमची असते. कोणती रक्कम कोणाची आहे आणि कोणत्या रकमेवर बोलता येते, हे टेबलाच्या एकाच बाजूला ठाऊक असते. माझी तक्रार एवढ्याच गोष्टीची आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते.

माझे साडू काटोल तालुक्यात संत्र्याचे बागायतदार आहेत. २०२४ च्या डिसेंबरात, आंबिया बहाराचे पैसे हातात आल्यावर, ते नवी पेट्रोल गाडी घ्यायला नागपूरला आले. शोरूममध्ये त्यांच्यासमोर बसलेला मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा, अतिशय नम्र होता. काका, काका म्हणून त्याने पाणी आणि चहा दिला. किंमत विचारल्यावर तो म्हणाला, "काका, तुम्ही फक्त महिन्याला किती झेपेल तेवढं सांगा, बाकी मी बसवतो." साडूंनी पुन्हा किंमतच विचारली, तेव्हा त्याने स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागच्या बाजूला पेनाने लिहिले: ऑन रोड १०.८६. त्याखाली उणे २५. त्याखाली १०.६१, आणि त्याभोवती गोल. "कशाकशाचे?" असे विचारल्यावर उत्तर आले, "सगळं आलं काका त्यात. आरटीओ, इन्शुरन्स, सगळं." पुढे त्याने सांगितले की पंचवीस हजारांची सूट आज बुक केली तरच आहे, महिना बदलला की स्कीम जाईल. मग तो तीनदा काचेच्या केबिनमध्ये व्यवस्थापकांना विचारायला गेला. पहिल्यांदा परत येताना त्याने फ्लोअर मॅट आणले, दुसऱ्यांदा मड फ्लॅप, आणि तिसऱ्यांदा आणखी तीन हजारांची सूट. साडूंनी अकरा हजार रुपये भरून गाडी बुक केली आणि ते कार्ड खिशात ठेवून संध्याकाळी माझ्या घरी आले.

ज्या माणसाचा संत्र्याचा ट्रक कळमन्याच्या बाजारात उतरतो, त्याला हे कार्ड पाहून काय वाटले असेल, याचा आपण विचार करावा, अशी माझी विनंती आहे. बाजारात त्याच्या मालाचा हर्रास चारचौघांत, मोठ्याने होतो. पूर्वी व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत, आणि ज्याचा माल असे तो शेतकरी शेजारी उभा राहूनही काय ठरले ते त्याला कळत नसे. ती रीत मोडून उघडा लिलाव यावा, यासाठी बाजार समित्यांचा कायदा झाला. आता त्याच संध्याकाळी शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. माल किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, हे त्यात ओळीने लिहिलेले असते. पट्टीतला एखादा आकडा त्याला पटणार नाही, तो भांडेल, पण कशाबद्दल भांडायचे ते त्याला दिसते. तोच माणूस आयुष्यातली घर आणि जमिनीनंतरची सर्वांत मोठी खरेदी करतो, तेव्हा त्याला व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर तीन आकडे मिळतात.

दोन दिवस फोन केल्यावर छापील तपशील आला. एक्स-शोरूम किंमत ८,९०,००० रुपये. आरटीओ १,०७,५००. विमा ४८,५००. वाढीव वॉरंटी १४,०००. ॲक्सेसरीज पॅकेज २६,०००. फास्टॅग ६००. बेरीज १०,८६,६००, म्हणजे कार्डावरचा आकडा बरोबर होता. पण साडूंनी ॲक्सेसरीज मागितल्या नव्हत्या, वाढीव वॉरंटीविषयी त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि विम्याची कंपनी कोणती तेही त्यांना ठाऊक नव्हते. ज्या पंचवीस हजारांसाठी त्यांनी घाईने बुकिंग केले, त्याहून अधिक रक्कम एकट्या ॲक्सेसरीजच्या ओळीत आधीच भरून ठेवलेली होती. याला मी सूट म्हणू शकत नाही.

आता यातली एकेक ओळ घेतो, कारण बहुतेक ग्राहकांना यातले काहीच कोणी समजावून सांगत नाही.

आरटीओचा आकडा हा सौद्याचा विषयच नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल मोटारीला एकरकमी कर दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के आहे. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के आहेत. ८,९०,००० चे ११ टक्के म्हणजे ९७,९००. त्यावर नोंदणीचे शुल्क, स्मार्ट कार्ड आणि कर्ज असल्यास हायपोथिकेशनचे, म्हणजे गाडी बँकेकडे तारण असल्याच्या नोंदीचे, शुल्क येते. या किरकोळ सरकारी रकमा आहेत. साडूंच्या गाडीची नोंदणी झाल्यावर आम्ही पावती पाहिली, तेव्हा सरकारजमा रक्कम आणि कोटेशनमधला आरटीओचा आकडा यांत पाच हजारांहून अधिक फरक निघाला. विचारल्यावर सांगण्यात आले की हँडलिंग त्यातच धरलेले आहे. एक्स-शोरूम याचा अर्थच शोरूमपर्यंत आणलेल्या गाडीची किंमत असा आहे, मग हे हँडलिंग कशाचे? १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी देण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, त्यामुळे तो खर्चही वेगळा सांगता येत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर नवी गाडी तपासणीसाठी आरटीओत न्यावी लागत नाही, नोंदणीचा अर्ज तुमच्याच कार्यालयातून होतो. त्या कागदोपत्री कामाचे काही शुल्क घ्यावे असे तुम्हाला वाटत असेल, तर ते आमचे सेवाशुल्क आहे असे स्वतःच्या नावाने लिहा. सरकारच्या नावाखाली ते लपवू नका. ग्राहक आरटीओचा आकडा पाहून गप्प बसतो, कारण सरकारशी घासाघीस होत नाही हे त्याला ठाऊक असते, आणि नेमक्या त्याच विश्वासाचा इथे गैरवापर होतो.

याच कराच्या टप्प्यांशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे. नऊ लाख नव्वद हजारांची गाडी पाहणाऱ्या कुटुंबाला वरचे मॉडेल दाखवताना "फक्त वीस हजारांचा फरक आहे" असे सांगितले जाते. किंमत दहा लाख दहा हजार झाली की कराचा टप्पा बदलतो, आणि १,०८,९०० ऐवजी १,२१,२०० रुपये भरावे लागतात. दहा लाखांवरच्या गाडीवर जून २०१६ पासून एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, हाही घेतला जातो, म्हणजे आणखी १०,१०० रुपये. टीसीएस हा वेगळा खर्च नाही, विवरणपत्रात ती रक्कम आयकरापोटी जमा दाखवता येते आणि कर देणे नसेल तर परत मागता येते. पण हे किती ग्राहकांना सांगितले जाते? माझ्याकडे आलेल्या दोन निवृत्त शिक्षकांनी ती रक्कम बुडाली असेच समजून सोडून दिली होती.

विम्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण जास्तीचे बरेच पैसे इथे जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. त्याचा हप्ता सरकार ठरवते, आणि २०२२ च्या अधिसूचनेत एक हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीसाठी तो तीन वर्षांचा मिळून १०,६४० रुपये होता. हा आकडा कुठल्याही कंपनीकडे सारखाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात, जो २०२० च्या ऑगस्टपासून पुन्हा एका वर्षाचा घेता येतो. साडूंसाठी त्याच आयडीव्हीचा, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या त्याच किमतीचा, आणि त्याच कव्हरचा विमा आम्ही बाहेर विचारला, तेव्हा तो सुमारे चौतीस हजारांना मिळत होता. शिवाय त्यांच्या जुन्या गाडीवर सलग चार वर्षे एकही दावा झालेला नव्हता, म्हणजे ४५ टक्के नो क्लेम बोनस, दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सवलत, त्यांच्या खात्यावर होता. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी तुमच्याच एक्सचेंज विभागात दिली, तरी तो नव्या गाडीच्या विम्यात लावून घेता येतो, आणि त्यासाठी घेतलेले पत्र तीन वर्षे चालते. एक्सचेंजची बोलणी तासभर चालली आणि त्या तासाभरात या बोनसचा उल्लेख कोणीही केला नाही.

बाहेरून विमा घेतो असे आम्ही म्हटले, तेव्हा दोन उत्तरे मिळाली. पहिले, बाहेरच्या पॉलिसीवर आमच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस होणार नाही. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचे बिल विमा कंपनीने परस्पर भरणे, हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर अवलंबून असते. पॉलिसी कोणत्या टेबलावर घेतली यावर ते ठरत नाही. दुसरे, मग सूटही जाईल. विमा नियामकाने मोटार विक्रेत्यांसाठी २०१७ साली मार्गदर्शक तत्त्वे आणली, आणि ग्राहकाला विम्याची निवड मोकळी असावी हा त्यांचा गाभा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये एक वस्तू घेण्यासाठी दुसरी वस्तू किंवा सेवा घेण्याची अट घालणे, याला निर्बंधक व्यापार प्रथा म्हटले आहे. तुमच्या टेबलावरच्या तरुण मुलांना कदाचित हे माहीतही नसेल. तुम्हाला मात्र नक्की माहीत आहे.

महिन्याच्या हप्त्याविषयी मला अधिकाराने बोलता येईल. "महिन्याला किती झेपेल" हा प्रश्न ऐकायला आपुलकीचा वाटतो, पण त्या प्रश्नाने किंमत, व्याज आणि मुदत या तिन्ही गोष्टी एका आकड्यामागे जातात. आठ लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १,९६,४०० होते. तेच कर्ज सात वर्षांचे केले की हप्ता १२,९०० च्या आत येतो, ग्राहकाच्या चेहऱ्यावर समाधान दिसते, आणि व्याज २,८१,००० च्या वर जाते. जवळपास पंच्याऐंशी हजारांचा फरक. त्यातून मोकळी झालेली हप्त्याची जागा मग वरच्या मॉडेलने किंवा ॲक्सेसरीजने भरली जाते. "पाच टक्के फ्लॅट" हा शब्दही असाच आहे. फ्लॅट म्हणजे कर्ज फिटत गेले तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. आठ लाखांवर पाच टक्के फ्लॅटने पाच वर्षांचे व्याज दोन लाख होते, म्हणजे घटत्या शिलकीवर नऊ टक्क्यांपेक्षा थोडे जास्तच. एका खासगी कंपनीतल्या मुलीला बँकेचे नऊ टक्के महाग आणि शोरूमचे पाच टक्के स्वस्त वाटले, आणि तिने मी मंजूर केलेले कर्ज नाकारून ते दुसरे घेतले होते. ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ (रिटेल) कर्जांसाठी, सर्व खर्च धरून वार्षिक दर सांगणारे मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक केले आहे. कर्ज तुमच्या टेबलावरून जात असेल, तर ते विवरण सही घेण्याआधी ग्राहकाच्या हातात पडले पाहिजे. कर्ज मिळवून दिल्याबद्दल शोरूमला बँकेकडून पे-आउट, म्हणजे कमिशन, मिळतो, हे मला माहीत आहे, कारण त्याच्या नोंदी मी स्वतः पाहिल्या आहेत. तेव्हा मी त्याबद्दल ग्राहकाला काही सांगितले नाही. त्याची मला आज खंत आहे.

तुमच्या अडचणी मला समजत नाहीत असे कृपया समजू नका. नवी गाडी विकून हाती राहणारा नफा थोडा असतो, उभ्या मालावर व्याज चढत असते, मोक्याच्या रस्त्यावरचे भाडे जबर असते, आणि कंपनीचे महिन्याचे टार्गेट डोक्यावर असते. वर्कशॉप, विमा आणि कर्ज यांच्या कमाईवर शोरूम चालते. सूट देण्याचे स्वातंत्र्यही तुम्हाला नेहमी असते असे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला दोनशे कोटी रुपयांचा दंड केला, तो नेमका याच कारणासाठी. ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे विक्रेत्यांनी सूट देऊ नये असे कंपनीचे धोरण होते, ते पाळले जाते की नाही हे तपासायला ग्राहकाच्या वेशात माणसे पाठवली जात, आणि जास्त सूट देणाऱ्या विक्रेत्याला व त्याच्या कर्मचाऱ्यांना दंड लावला जाई, असे आयोगाने नमूद केले. कंपनीने त्या आदेशाविरुद्ध अपील केले. या प्रकरणाची सुरुवात एका निनावी ई-मेलने झाली होती, आणि तो ई-मेल मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्रातल्या विभागाविषयी, तिथल्याच एका विक्रेत्याच्या नावे आलेला होता. म्हणजे ग्राहकाला सूट देता येत नाही याची खंत तुमच्यातल्याच कोणाला तरी वाटली आणि त्याने ती मांडली. त्या अनोळखी व्यक्तीबद्दल मला आदर आहे. कंपनी तुमच्यावर बंधन घालते तेव्हा ते चुकीचे आहे, हे तुम्हाला पटते. मग ग्राहकापुढे आकडे झाकले जातात तेव्हा तेही तितकेच चुकीचे आहे, हे पटायला हरकत नसावी.

आणि विक्रीच्या टेबलावरच्या मुलामुलींचा प्रश्न आहे. महिनाअखेरीस कर्जाच्या फाइली घेऊन माझ्याकडे येणारा एक मुलगा होता, उमरेडकडचा. एकदा मंजुरीची वाट पाहत बसला असताना तो म्हणाला, "साहेब, गाडी विकून मला फार नाही मिळत. सीट कव्हर विकून मिळतं." त्याचा मूळ पगार बेताचा होता. इन्सेंटिव्ह ठरायचा तो गाडीमागे किती ॲक्सेसरीज गेल्या, विमा आणि कर्ज शोरूममधून झाले की नाही, यावर. गाडीच्या इंजिनाची, मायलेजची, सुरक्षिततेची त्याला उत्तम माहिती होती. एखाद्या कुटुंबाला सीएनजी घ्यावी की पेट्रोल, हे तो त्यांच्या रोजच्या अंतरावरून नीट सांगू शकत असे. विक्री हे कौशल्याचे काम आहे आणि तो त्यात हुशार होता. त्या हुशारीचा मोबदला मिळण्याऐवजी त्याला अंडरबॉडी कोटिंग खपवण्याचा मोबदला मिळत होता. दीड वर्षात त्याने ती नोकरी सोडली. आज शोरूममध्ये माणसे टिकत नाहीत अशी तक्रार तुमच्यापैकी अनेक जण करतात, तेव्हा मला तो आठवतो.

गाडीच्या वयाविषयीही लिहायला हवे. साडूंना जानेवारीत दिलेली गाडी आदल्या एप्रिलमध्ये बनलेली होती. नागपूरचा मे महिना काय असतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांच्या उन्हात स्टॉकयार्डमध्ये उभी राहिलेली गाडी वाईटच असते असे नाही, पण टायर, बॅटरी, रबर आणि रंग यांनी तो उन्हाळा सोसलेला असतो, आणि पुढे विकताना किंमत नोंदणी पुस्तिकेवरच्या उत्पादनाच्या महिन्यावरून आणि वर्षावरून ठरते. आठ-नऊ महिने जुनी गाडी मोठी सूट देऊन विकणे हा अगदी सरळ व्यवहार आहे. अनेक ग्राहक ती आनंदाने घेतील. पण सूट कशामुळे आहे ते सांगितले पाहिजे. साडूंना ते कळले फॉर्म २२, म्हणजे कंपनीचे गाडीविषयीचे प्रमाणपत्र, हातात आल्यावर, पूर्ण पैसे भरून झाल्यानंतर. डिलिव्हरीच्या दिवशी कुटुंब नवे कपडे घालून आलेले असते, गाडीवर हार चढलेला असतो, तिथून टेकडी गणपतीला जायचे ठरलेले असते. त्या घटकेला "एवढा एक किरकोळ फरक भरायचा राहिला आहे" असे सांगितले की कोणीही वाद घालत नाही. साडूंनीही घातला नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये काय घडले, ते आपण सर्वांनी पाहिले. २२ तारखेपासून लहान मोटारींवरचा जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरचा उपकर गेला. वर्तमानपत्रात मॉडेलवार किमती छापून आल्या आणि लोक ती कात्रणे घेऊन तुमच्याकडे आले. त्या काही आठवड्यांत माझ्याकडे आलेल्या एकाही माणसाने एक्स-शोरूम किमतीबद्दल शंका विचारली नाही, कारण जुना आकडा, नवा आकडा आणि फरकाचे कारण तिन्ही छापील होते. विक्रीही त्यामुळे अडली नाही, तुम्हीच ते सांगाल.

म्हणून माझी मागणी एका कागदापुरती आहे. ग्राहकाने गाडी निवडली की भावाची बोलणी सुरू होण्याआधी त्याला एक पान द्या, मराठीत, शोरूमच्या शिक्क्यासह. सरकारला जाणाऱ्या रकमा त्यात दरासह वेगळ्या असाव्यात. विम्याच्या ओळीत कंपनीचे नाव, आयडीव्ही आणि नो क्लेम बोनसची जागा असावी. ॲक्सेसरीज आणि वाढीव वॉरंटीच्या चौकटी कोऱ्या असाव्यात आणि ग्राहकाने स्वतः खूण केली तरच भराव्यात. तुमचे सेवाशुल्क असेल तर ते त्याच नावाने लिहावे. कंपनीची सूट किती आणि शोरूमची किती, हे वेगळे दाखवावे. चेसिस क्रमांक आणि उत्पादनाचा महिना पूर्ण रक्कम घेण्याआधी कळवावा, आणि बुकिंग रद्द झाल्यास किती पैसे किती दिवसांत परत मिळतील तेही खाली लिहावे. एवढे झाले की मग खुशाल घासाघीस होऊ द्या. ती ॲक्सेसरीजवर होईल, सेवाशुल्कावर होईल, शोरूमच्या सवलतीवर होईल, आणि काही ग्राहक तुमच्याकडून सर्व काही घेतीलही, कारण एकाच छताखाली काम होणे ही खरी सोय आहे आणि तिचे पैसे द्यायला लोक तयार असतात.

ऑनलाइन विक्रीत किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणे आणि न मागितलेली वस्तू बिलात घालणे, या दोन्ही गोष्टी केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या रचना ठरवल्या आहेत. मोबाइलवर तीनशे रुपयांची वस्तू घेणाऱ्याला जे संरक्षण मिळते, ते दहा लाखांची गाडी घेणाऱ्याला शोरूममध्ये तुमच्याकडून मिळावे, ही अपेक्षा जास्त नाही. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगही आहे. पण साडूंसारखी माणसे तिथे जात नाहीत. ती घरी येतात, गाडी अंगणात लावतात, आणि पुढच्या वेळी त्या शोरूमच्या वाटेला जात नाहीत. संपूर्ण गावाला ती कारण सांगतात.

येत्या गुढीपाडव्याला माझी भाची तिची पहिली गाडी घेणार आहे. वर सांगितलेल्या पानाचा एक कोरा नमुना मी तिला तयार करून दिला आहे आणि ती तो तुमच्यापैकी तीन शोरूममध्ये घेऊन येणार आहे. आपल्या टेबलावरच्या मुलाला किंवा मुलीला तो भरून, सही-शिक्का करून द्यायला सांगावे. जे शोरूम तो भरून देईल, तिथेच ती बुकिंगची रक्कम भरेल, मग तिथली सूट इतरांपेक्षा पाच हजारांनी कमी असली तरी चालेल, असे तिने मला सांगितले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी
नागपूर